सकाळी थिजते, दुपारी वितळते

डिसेंबरच्या मध्यावर पळसदरीतल्या घरात सकाळी सहा-साडेसहाला खोबरेल तेलाची बाटली उलटी धरली, तर थेंबही खाली येत नाही. तेल थिजलेले असते. पांढरे, मेणासारखे, तळाला घट्ट बसलेले. मुलीच्या वेण्या घालायच्या असतात, म्हणून कोणीतरी बाटली कोमट पाण्याच्या तांब्यात उभी करते. नाहीतर ती खिडकीतल्या उन्हात राहते आणि दुपारपर्यंत आपोआप नितळ होते. रात्र चढली की पुन्हा पांढरी. खोबरेल तेल साधारण २४-२५ अंश सेल्सिअसला वितळते आणि थिजायला त्याहून थोडा जास्त गारवा लागतो. पळसदरीचा हिवाळा या आकड्याच्या अल्याड-पल्याड रोज ये-जा करतो: पहाटे बराच खाली, दुपारी बराच वर. तीन ते सहा वर्षांच्या मुलांबरोबर घरच्या घरी करायच्या ज्या कृती पुढच्या पानांवर दिल्या आहेत, त्यांतल्या बहुतेकींच्या मुळाशी ही ये-जा आहे. लहान मुलाच्या विज्ञानाला असा हिवाळा पुरतो, आणि माझ्या मते बर्फ पडणाऱ्या मुलखांतल्या हिवाळ्यापेक्षा तो या कामाला उजवा आहे, हे या प्रस्तावनेत मांडायचे आहे.

विधान धाडसाचे वाटेल, म्हणून आधी भूगोल पाहू. पळसदरी बोरघाटाच्या पायथ्याशी आहे. कर्जतहून निघालेली रेल्वे इथे दुभंगते. एक फाटा खोपोलीला जातो आणि दुसरा ठाकूरवाडी, मंकी हिल करत खंडाळ्याला चढतो. किनाऱ्यावरच्या गावांना समुद्र सांभाळतो. दिवसा शोषलेली ऊब तो रात्री परत देतो, त्यामुळे तिथली हवा फार गार होत नाही. घाटाच्या पायथ्याला तो आधार पोचत नाही. हिवाळ्यात आभाळ निरभ्र असते, हवा कोरडी असते, जमिनीची ऊब रात्री सरळ वर निघून जाते. उतारांवर गार झालेली हवा जड होते, दऱ्यांमधून खाली घरंगळत येते आणि सपाटीवरच्या शेतांत साचून राहते. म्हणून कर्जत-खालापुरातली पहाट मुंबईच्या पहाटेपेक्षा काही अंशांनी गार असते, आणि तरीही दुपारी अंगातला स्वेटर काढून ठेवावा लागतो. शिमल्यासारख्या ठिकाणी तीच तेलाची बाटली महिनोन्महिने दगडासारखी राहील. तिथे बदल दाखवायचा तर शेगडी पेटवावी लागेल. इथे तो बदल ऊन घडवते, रोज, आणि मुलाच्या डोळ्यांदेखत.

हे ‘रोज’ फार महत्त्वाचे आहे. चार वर्षांचे मूल ‘काल’ हा शब्द मागच्या सगळ्या काळासाठी वापरते; दिवाळीही काल झालेली असते आणि सकाळचे दूधही काल प्यालेले असते. अशा मुलाला आठवड्यापूर्वी पाहिलेल्या गोष्टीशी आजची गोष्ट ताडून बघ असे सांगण्यात अर्थ नाही. त्याला घटना हवी ती हाताच्या अंतरावरची, पुन्हा पुन्हा घडणारी आणि उलट फिरणारी. उकडलेले अंडे पुन्हा कच्चे होत नाही, भाजलेली भाकरी पुन्हा पीठ होत नाही; तिथे बदल एकदा होतो आणि संपतो. थिजलेले तेल मात्र वितळते आणि वितळलेले पुन्हा थिजते, बाटली तीच, त्यात कोणी काही घातले नाही की काढले नाही. पांढरे दिसणारे आणि नितळ दिसणारे तेल एकच आहे, ही समजूत सांगून येत नाही. ती दहा-पंधरा सकाळी सलग पाहून येते. दवाचेही तसेच आहे. पहाटे गवतावर, पत्र्यावर, दोरीवरच्या कपड्यांवर ते असते आणि ऊन वर आले की नसते. तलावावरचे धुके तसेच. इथला हिवाळा असे डझनभर बदल रोज मांडतो आणि रोज पुसतो, जणू पाटीवर. पूर्वप्राथमिक वयाला याहून सोयीची प्रयोगशाळा मला सुचत नाही.

तरीही ‘हिवाळ्यातले विज्ञान’ म्हणून आपल्याकडे मुलांसमोर जे येते, ते बहुतांशी दुसऱ्याच हवामानाचे असते. कापसाचा हिमपुरुष, थर्मोकोलच्या गोळ्यांचा बर्फ, खिडकीवर चिकटवायचे कागदी हिमकण. करायला हे सोपे आहे, दिसायला सुंदर आहे, आणि हस्तकला म्हणून त्यात वावगे काही नाही. पण विज्ञान म्हणून त्यात मोठा दोष आहे. कापसाला हात लावला तर तो उबदार लागतो. मुलाला सांगितलेले असते की हा बर्फ आहे आणि बर्फ गार असतो. हाताला मात्र कळते की हे गार नाही. अशा वेळी मूल हाताचे ऐकणे सोडून मोठ्यांचे ऐकायला शिकते, आणि विज्ञानाची याहून उलटी सुरुवात दुसरी नसेल. यावर कोणी म्हणेल की मुलांना जगाची ओळख नको का, उद्या ती हिमालयात जातील, परदेशी जातील. ओळख जरूर व्हावी. चित्रे दाखवावीत, गोष्टी सांगाव्यात. गोष्ट आणि प्रयोग यांतला फरक मात्र पुसू नये. टोरांटोत वाढणाऱ्या मराठी मुलाच्या अंगणात खरा बर्फ पडतो, तर त्याने वाटीभर बर्फ घरात आणून त्याचे पाणी किती होते ते पाहावे. त्याच्यासाठी तेच जवळचे आहे. पळसदरीच्या मुलाला जवळचे काय, हा प्रश्न आपण विचारलेला नाही, एवढेच.

महाराष्ट्रात तो पूर्वी विचारला गेला होता, आणि त्याचे उत्तरही कृतीतून दिले गेले होते. ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले, अनुताई वाघ त्यांना तिथेच येऊन मिळाल्या, आणि १९५७ मध्ये हे काम डहाणूजवळच्या कोसबाडला गेले. माँटेसरी पद्धतीची साधने महाग होती आणि वारली मुलांच्या जगात त्यांना ओळखही नव्हती. तेव्हा शंख-शिंपले, बिया, पाने, खडे यांतून साधने उभी राहिली. मुले बालवाडीत येत नाहीत म्हटल्यावर बालवाडी त्यांच्या पाड्यावर, अंगणात गेली. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा निघाली. १९७५ च्या २ ऑक्टोबरला एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि अंगणवाडी हा शब्द गावोगाव पोचला. पण त्या शब्दातले अंगण कुठे गेले? आज अनेक ठिकाणी भिंतीवरचे तक्ते आहेत, अक्षरे आहेत, आकडे आहेत, आणि दारात पडलेले दव मात्र अभ्यासात नाही. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ वर्षांचा काळ हा शिक्षणाचा पायाभूत टप्पा मानला आणि खेळातून, शोधातून शिकण्यावर भर दिला. धोरणातला हा भर घरापर्यंत आणायचा, तर आधी घरात काय आहे ते बघावे लागेल.

घरात वस्तूंच्या आधी भाषा आहे, आणि मराठीने या विषयात मुलासाठी मोठीच तयारी करून ठेवली आहे. तेल-तूप थिजते, पाणी गोठते, दूध विरजते, खीर आळते, रक्त साकळते. मुलाच्या तोंडी या सगळ्याला एकच शब्द असतो: घट्ट झाले. मोठ्या माणसाने व्याख्या सांगायची गरज नाही. ज्या क्षणी बाटली हातात आहे त्या क्षणी ‘तेल थिजलेय बघ’ एवढे म्हटले की शब्द आपल्या जागी बसतो. उलट दिशेच्या दोन शब्दांवर तर या पुस्तिकेत एक अख्खी कृती बेतलेली आहे. तूप वितळते आणि गूळ विरघळतो. बोलण्याच्या ओघात मोठी माणसेही बर्फ विरघळला म्हणून जातात, इतके हे शब्द जवळचे आहेत. एका वाटीत थिजलेले तूप घ्यावे, दुसरीत पाणी आणि गुळाचा खडा. दोन्ही वाट्या उन्हात ठेवाव्यात आणि मधूनमधून गूळ ढवळावा. दुपारी तूपही पातळ झालेले असते आणि गूळही दिसेनासा झालेला असतो. मुलाच्या लेखी दोन्हीकडे एकच घडले. मग वाट्या रात्रभर गारव्यात राहू द्याव्यात. सकाळी तूप परत आलेले असते, गुळाचा खडा परत आलेला नसतो. चाखून पाहिले तर पाणी गोड लागते, म्हणजे गूळ गेला कुठेच नाही. वितळणे आणि विरघळणे यांतला भेद पुढे सहावी-सातवीत वहीत लिहून घ्यावा लागतो. इथे तो पाच वर्षांच्या जिभेला कळतो. थंडीच्याच शब्दांचे पाहा: हवेत गारवा, अंगात हुडहुडी, पांघरुणात ऊब. गारवा बाहेर आहे आणि हुडहुडी आत आहे, हे वर्गीकरण भाषेने केव्हाच करून ठेवले आहे.

या सगळ्यावर पहिला गंभीर आक्षेप मानसशास्त्राचा आहे. झाँ पियाजे यांनी दाखवले की चार-पाच वर्षांच्या मुलासमोर बुटक्या भांड्यातले पाणी उंच भांड्यात ओतले, तर मूल पाणी वाढले असे म्हणते; मग या वयाला पदार्थाच्या अवस्था आणि उष्णता शिकवण्याचा खटाटोप कशाला? आक्षेपाचा आधार खरा आहे. हा प्रयोग कोणत्याही स्वयंपाकघरात करून पाहता येतो आणि बहुतेक मुले तेच उत्तर देतात. पण १९७० च्या दशकात मार्गारेट डोनाल्डसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्कॉटलंडमध्ये याच प्रकारचे प्रयोग थोडे बदलून केले. सोंगट्यांची रांग मोठ्या माणसाने मुद्दाम लांबवून ‘आता जास्त आहेत का’ असे विचारले, की मुले चुकत. खेळण्यातल्या खोडकर अस्वलाने ती रांग विस्कटली, तर कितीतरी अधिक मुले ‘तेवढ्याच आहेत’ असे बरोबर सांगत. म्हणजे चुकीचा काही भाग मुलाच्या समजुतीतला होता आणि काही भाग प्रश्न विचारणाऱ्याच्या ढंगातला. मोठे माणूस मुद्दाम काही करून प्रश्न विचारते, तेव्हा त्याला वेगळे उत्तर हवे असणार, असे मूल धरून चालते. पळसदरीच्या हिवाळ्याचा फायदा इथेही आहे. तेल कोणी मुद्दाम थिजवलेले नसते, दव कोणी शिंपडलेले नसते. मूल आणि आई दोघेही एकाच बाजूला उभे राहून बदलाकडे पाहतात. परीक्षक कोणीच नसतो. आणि उष्णता समजावी ही या कृतींची अपेक्षा नाही. सकाळची आणि दुपारची बाटली वेगळी आहे हे लक्षात यावे, उद्या कशी असेल याचा अंदाज बांधता यावा, अंदाज चुकला तर पुन्हा पाहावेसे वाटावे, एवढी अपेक्षा आहे. ती या वयाच्या आवाक्यात आहे.

दुसरा आक्षेप मला अधिक अवघड वाटतो. मुलाला आपापले पाहू दिले तर ते चुकीचे निष्कर्ष काढेल, आणि ते घट्ट बसतील. गार सकाळी स्टीलच्या ताटाला आणि लाकडी पाटाला हात लावणारे मूल ताट जास्त गार आहे असेच म्हणेल. खोलीत रात्रभर पडलेल्या दोन्ही वस्तूंचे तापमान सारखेच असते; स्टील हाताची ऊब भराभर ओढून घेते, लाकूड हळू ओढते, म्हणून ताट गार लागते. पाच वर्षांच्या मुलाला हे कळणार नाही, आणि ते मनात चूक घेऊन झोपी जाईल. हे खरे आहे. पण आधी उत्तर सांगितल्याने चूक जाते का? १९९० साली ब्रूस वॉटसन आणि रिचर्ड कोनिसेक यांनी अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्समधल्या एका चौथीच्या वर्गाची हकिगत प्रसिद्ध केली. नऊ हिवाळे पाहिलेली ती मुले ठामपणे म्हणत होती की स्वेटर आणि लोकरीची टोपी स्वतः ऊब तयार करतात. शिक्षिकेने त्यांना तापमापी दिल्या. स्वेटरमध्ये गुंडाळलेल्या तापमापीचा पारा चढला नाही. मुलांनी आपले मत सोडले नाही. वेळ कमी पडला, आत गार हवा शिरली, असे म्हणून त्यांनी प्रयोग पुन्हा मांडला, अधिक घट्ट गुंडाळून, अधिक वेळ ठेवून. हे काही दिवस चालले. काही मुलांचे मत डळमळले, काहींचे नाही. या हकिगतीतून निराशा घेण्याचे कारण नाही. शरीराच्या अनुभवातून आलेली समजूत एका वाक्याने हलत नाही. हलली तर अशा पुन्हा पुन्हा केलेल्या पडताळ्याने हलते, आणि पडताळ्याची सवय लवकर लागलेली बरी.

म्हणूनच गोधडी आणि बर्फ यांची कृती या पुस्तिकेच्या मध्यावर ठेवलेली आहे, आणि तिच्यासाठी सर्वांत जास्त पाने दिली आहेत. फ्रिजमधले सारख्या आकाराचे बर्फाचे दोन खडे दोन वाट्यांत घ्यायचे. एक वाटी उघडी, दुसरी लोकरीच्या टोपीत किंवा गोधडीच्या तुकड्यात गुंडाळलेली. आधी कोणता खडा वितळेल? गोधडी ऊब देते हे मुलाला पक्के ठाऊक असते, म्हणून बहुतेक मुले गुंडाळलेल्या खड्याकडे बोट दाखवतील. उघडा खडा आधी जातो. उसाच्या रसवाल्याकडची लादी गोणपाटात किंवा भुशात का ठेवतात, हे पाहिलेले असूनही मोठ्यांपैकी अनेकांना हा निकाल पहिल्यांदा बुचकळ्यात टाकतो. गोधडीत अडकलेली हवा उष्णतेची ये-जा मंदावते. आत माणूस असेल तर त्याची ऊब बाहेर जात नाही, आत बर्फ असेल तर बाहेरची ऊब आत येत नाही. हे मोठ्यांसाठी. मुलाला त्या दिवशी यातले काहीही सांगू नये, अशी स्पष्ट विनंती कृतीच्या पानावर केली आहे. त्याला टोपी बदलून पाहायची असेल, बर्फाचा खडा बाहुलीच्या दुलईत ठेवून पाहायचा असेल, तर पाहू द्यावे.

ही विनंती अनेक पालकांना खटकेल. उत्तर माहीत असताना लपवायचे कशाला? याला उत्तर देणारा एक प्रयोग २०११ साली प्रसिद्ध झाला. एलिझाबेथ बोनाविट्झ, लॉरा शुल्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पूर्वप्राथमिक वयाच्या मुलांना नळ्यांचे एक नवे खेळणे दिले. त्यात चार करामती होत्या: एक नळी ओढली की पिपाणीसारखा आवाज येई, बाकीच्या तीन न सांगता शोधायच्या होत्या. काही मुलांना मोठ्या माणसाने शिकवण्याच्या सुरात आवाजाची करामत करून दाखवली. काहींसमोर तीच करामत जणू चुकून घडली. ज्यांना शिकवले गेले ती मुले आवाजाशीच खेळत राहिली आणि लवकर थांबली. दुसऱ्या गटातली मुले अधिक वेळ खेळली आणि त्यांनी इतर करामतीही अधिक शोधल्या. शिकवणे वाईट, असा याचा अर्थ संशोधकांनीही काढलेला नाही. शिकवलेली गोष्ट मुले नेमकी उचलतात, हेही त्यातच दिसते. पण शिकवण्याची एक किंमत असते, आणि ती किंमत म्हणजे न शिकवलेले शोधण्याची इच्छा. तीन ते सहा या वयात ती किंमत मला फार वाटते.

उत्तरे घाईने दिल्याने काय होते, याचा दाखला मोठ्यांतही आहे. १९८७ साली निघालेल्या एका अमेरिकी माहितीपटात हार्वर्ड विद्यापीठाच्या पदवीदान समारंभातल्या पदवीधरांना विचारले होते, की उन्हाळा-हिवाळा का होतो. झगे घातलेले ते तरुण आत्मविश्वासाने सांगतात, की पृथ्वी सूर्याजवळ गेली की उन्हाळा आणि लांब गेली की हिवाळा. वस्तुस्थिती अशी, की पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ जानेवारीच्या सुरुवातीला असते, सुमारे १४.७ कोटी किलोमीटरवर, आणि जुलैच्या सुरुवातीला सर्वांत लांब, सुमारे १५.२ कोटी किलोमीटरवर. म्हणजे पळसदरीत तेल थिजते तेव्हा आपण सूर्याच्या जास्त जवळ असतो. पृथ्वीचा आस कललेला असल्याचा धडा त्या पदवीधरांनीही कधीतरी वाचला असणार. सूर्य तिरपा येतो म्हणजे काय, हे अंगणात पाहिलेले नसावे. ते पाहणे चार वर्षांच्या मुलालाही जमते, आणि त्याला लागते फक्त एक काठी, किंवा काठीही नको, मूल स्वतः पुरते. पळसदरी साधारण १८.९ अंश उत्तर अक्षांशावर आहे. २२ डिसेंबरच्या आसपास इथे सूर्य डोक्यावर येतच नाही. तो सर्वांत वर असतो तेव्हाही, म्हणजे दुपारी बारा-पस्तीसच्या सुमारास, क्षितिजापासून जेमतेम ४८ अंश चढलेला असतो. त्या वेळी एक मीटर उंचीच्या मुलाची सावली सुमारे ९० सेंटिमीटर पडते. सावलीच्या टोकाशी खडूने किंवा दगडाने खूण करावी. मकरसंक्रांतीला पुन्हा करावी, फेब्रुवारीत पुन्हा, आणि जमले तर मेच्या मध्यावर, जेव्हा सूर्य नेमका डोक्यावर येतो आणि सावली पायाखाली गोळा होते. कृती मोठ्या मुदतीची आहे आणि ‘काल’ची अडचण इथे येतेच, म्हणून खुणा पुसू न देण्याची जबाबदारी मोठ्यांची आहे. खुणा राहिल्या तर अंगणच मुलासाठी आठवण ठेवते.

बाकी कृतींबद्दल फार लिहायला नको. रायगडच्या घरांत वाल भिजत पडतातच. भिजलेल्या वालांची एक पुरचुंडी चुलीजवळ आणि एक ओट्याच्या गार कोपऱ्यात ठेवली, तर मोड कुठे आधी येतात ते मूल आपण होऊन तपासायला लागते. दही लावताना तीच तुलना करता येते. कोरड्या हवेत केसांवर घासलेला कंगवा कागदाचे कपटे उचलतो, पावसाळ्यात तितका उचलत नाही. गार ताटावर फुंकर घातली की ओलसर डाग उमटतो आणि विरतो. जाळात ठेवलेले पोपटीचे मडके मात्र दुरूनच पाहायचे आहे. त्यात पाणी घालत नाहीत, तरी भांबुर्ड्याच्या पाल्यात शेंगा शिजतात कशा, हा प्रश्न मुलाला विचारून सोडून द्यावा.

आता एक अडचण, जिच्यावर माझ्याकडे पुरे उत्तर नाही. ‘घरच्या घरी’ असे म्हणताना आपण घर गृहीत धरतो. कर्जत आणि खालापूर तालुक्यांतली अनेक कातकरी कुटुंबे भाताची कापणी आटोपली की वीटभट्ट्यांवर किंवा कोळसा पाडायच्या कामावर निघून जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. म्हणजे नेमक्या या पुस्तिकेच्या महिन्यांत ती मुले घरी नसतात. आईबाप पहाटे काळोखात विटा थापत असतात आणि मूल भट्टीच्या कडेला झोपडीत असते. वीटभट्टीवरच्या झोपडीला भोंगा म्हणतात, आणि ठाणे जिल्ह्यात विधायक संसद या संस्थेने अशा मुलांसाठी भोंगाशाळा चालवल्या त्या याच कारणाने. कुरणशाळेचा आणि भोंगाशाळेचा विचार एकच: मूल जिथे आहे तिथे शिकणे न्यायचे. पुस्तिकेतल्या कृती निवडताना म्हणून एक कसोटी लावली आहे, की निम्म्याहून अधिक कृतींना फ्रिज, गॅस किंवा विकत आणायची वस्तू लागू नये. सावली, दव, चिखलाची ओली आणि सुकलेली वीट, गार दगड आणि उन्हातला दगड हे भट्टीवरही आहे. ओली वीट जड आणि सुकलेली हलकी का, हा प्रश्न तिथल्या मुलाला आपल्यापेक्षा लवकर सुचेल. तरीही प्रश्न विचारायला शेजारी एक मोठे माणूस लागते, आणि पुस्तक ते माणूस पुरवू शकत नाही. अंगणवाडीताईंनी, शिक्षकांनी, भट्टीवर जाऊन काम करणाऱ्या कार्यकर्त्यांनी ही पाने वापरावीत, यासाठी प्रत्येक कृती स्वतंत्र पानावर छापली आहे. पान सुटे करून नेता येते.

वेळेचा प्रश्नही खरा आहे, पण तो थोडा फुगवला जातो. यातली एकही कृती शिकवणीसारखी बसून करायची नाही. तेल डोक्याला लावायचेच असते, वाल भिजवायचेच असतात, कपडे वाळत घालायचेच असतात. त्या कामात दोन प्रश्न घालायचे आहेत. ‘आज कसे आहे?’ आणि ‘उद्या कसे असेल?’ उत्तर ठाऊक नसलेल्या आई-बाबांनी किंवा आजीने संकोचू नये. ‘मलाही माहीत नाही, बघू या’ हे वाक्य खरे असेल तेव्हा ते जरूर म्हणावे. काळजी घ्यायची ती एवढीच. वालाचे दाणे, चिंचोके, मणी लहान मुले नाका-कानात घालतात किंवा गिळतात, तेव्हा तीन वर्षांच्या आसपासच्या मुलाला ते एकट्याने देऊ नयेत. गरम पाणी मोठ्यांनीच ओतावे. शेकोटी आणि पोपटी यांच्यापासून मूल दोन हात लांब असावे. आणि पळसदरीत राहणाऱ्यांना वेगळे सांगायला नको, तरी सांगतो: थंडीत रूळ आकसतात, म्हणून हिवाळ्याच्या रात्री रेल्वेचे गस्तवाले तडा शोधत रुळांवरून चालतात, ही गोष्ट मुलांना फार आवडते, ती घरात बसूनच सांगावी, रुळांकडे नेऊन दाखवू नये.

पुस्तिकेची पाने नोव्हेंबरपासून सुरू होतात आणि शेवटचे पान फेब्रुवारीच्या अखेरीसाठी आहे. तोवर पळसाची पाने गळून फुले धरलेली असतात, आणि एखाद्या सकाळी तेलाची बाटली उलटी धरली तर तेल सरळ खाली येते. त्या सकाळी बाटली मुलाच्या हातात द्यावी. पान मुद्दाम कोरे ठेवले आहे. मूल जे बोलेल ते त्याच्याच शब्दांत, न दुरुस्त करता, तारखेसह तिथे लिहून ठेवावे.